नाशिकचा घरगुती मुक्काम : उपाध्यांच्या वाड्यापासून होमस्टेपर्यंत



विषयाचं नाव जरा भारदस्त झालं आहे. बोलणं मात्र बरंचसं स्वयंपाकघराबद्दल होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचं घर नाशिकमध्ये, गंगापूर रस्त्याने पुढे गेलं की शहर विरळ होऊन मळे सुरू होतात, तिथे आहे. गेली नऊ वर्षं या घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको आणि आई. आई म्हणजे एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. त्या आज इथे आलेल्या नाहीत, कारण घरी पाहुणे आहेत. यावरूनच आजच्या विषयाचा अर्धा अंदाज तुम्हाला येईल.

लोक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की होमस्टे म्हणजे नेमकं काय? हॉटेलपेक्षा स्वस्त खोली, एवढंच ना? तर नाही. आजकाल शहराबाहेर रिकामा बंगला भाड्याने देतात, किल्ली पेटीत ठेवलेली असते, मालक पुण्यात किंवा मुंबईत असतो, आणि पाटीवर होमस्टे लिहिलेलं असतं. केंद्र सरकारची 'अतुल्य भारत' नावाखाली घरगुती निवासाची जी योजना आहे, तिच्यात दोन अटी स्पष्ट आहेत. मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे, आणि पाहुण्यांसाठीच्या खोल्या एक ते सहा, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, एवढ्याच असाव्यात. आपल्या राज्याचीही निवास-न्याहारी योजना आहे, ती याच जातीची. या सगळ्यात आम्हाला महत्त्वाची वाटते ती पहिली अट. घरात माणसं राहत असली पाहिजेत. म्हणजे सकाळी दूध आणणं, नळाला पाणी आलं की पिंप भरणं, मुलांचे डबे, देवपूजा, दुपारची डुलकी, हे सगळं तिथे आधीपासून चालू असतं आणि पाहुणा त्यात येऊन उतरतो. त्या चालू दिनक्रमाचं पाहुणा आल्यावर काय होतं, हा आजचा मुद्दा.

आता, नाशिकला हे सगळं नवीन आहे का? मुळीच नाही. इंग्रजी नाव नवीन आहे.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर ही तीर्थक्षेत्रं. पूर्वी यात्रेकरू उतरायचे कुठे, तर आपल्या क्षेत्रोपाध्यांच्या घरी. स्टेशनवर नाहीतर पंचवटीच्या वाटेवर उपाध्यांचा माणूस उभा असायचा आणि विचारायचा, "गाव कोणतं? आडनाव काय?" गाव आणि आडनाव सांगितलं की कोणत्या उपाध्यांकडे जायचं ते ठरायचं, कारण गावं आणि घराणी त्यांच्यात वाटलेली होती. वाड्यावर पोचलं की उपाध्ये वही काढायचे. त्या वहीत तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी येऊन गेल्याची नोंद असायची, त्यांच्या मुलाबाळांची नावं असायची. तुम्ही तुमची नावं त्याखाली लिहायची. आजच्या हॉटेलातल्या नोंदवहीशी याची तुलना करून बघा. हॉटेलवाला तुमचं ओळखपत्र मागतो, उपाध्ये तुम्हालाच तुमची ओळख सांगायचे.

आणि जेवण? मेन्यू हा शब्दच नव्हता. एक तर यात्रेकरू शिधा द्यायचे किंवा बरोबर शिधा घेऊन स्वतः रांधायचे, नाहीतर उपाध्यांच्या घरी जे शिजेल ते जेवायचे. वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर, सणावाराला गोड. स्नान, पूजा, श्राद्धविधी यांच्या वेळा ठरलेल्या, त्यावर जेवणाची वेळ ठरायची. पाहुण्याच्या भुकेप्रमाणे घराचं घड्याळ हलायचं नाही. हे लक्षात ठेवा, याकडे आपण परत येणार आहोत.

हे केवळ जुनं झालेलं नाही. नाशिकपासून ३० किलोमीटरच्या आसपास त्र्यंबकेश्वर. तिथे नारायण नागबळी हा विधी आजही तीन दिवसांचा असतो. देशभरातून कुटुंबं येतात आणि त्यातली कितीतरी गुरुजींच्याच घरी किंवा घराला लागून बांधलेल्या खोल्यांत उतरतात. जेवण तिथलंच. तीन दिवस कांदा नाही, लसूण नाही. गंमत बघा, ज्या जिल्ह्यात लासलगावची बाजारपेठ आहे, ज्या जिल्ह्याच्या कांद्यावर दिल्लीतली सरकारं घाबरतात, त्या जिल्ह्यात येऊन माणूस तीन दिवस कांद्याशिवाय जेवतो. कुणाची तक्रार नसते. कारण तिथे नियम घराचा आहे, आणि येणाऱ्याला तो आधी माहीत असतो.

पण या जुन्या पाहुणचाराचं नुसतं कौतुक करून आम्हाला पुढे जाता येत नाही. दोन गोष्टी खटकतात, त्या बोलल्याच पाहिजेत.

पहिली अशी, की तो दरवाजा सगळ्यांना उघडा नव्हता. गाव आणि आडनाव विचारलं जायचं, त्यात जात आलीच. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे इथले कार्यकर्ते त्यात पुढे होते. तो सुमारे पाच वर्षं चालला. ज्या गल्ल्यांमध्ये देशभरच्या यात्रेकरूंना "या, बसा, हातपाय धुवा" म्हटलं जात होतं, तिथेच हजारो माणसांना देवळाच्या दारात अडवलं जात होतं. आज कुणी म्हणेल, हे इतिहासात झालं. आमच्या ओळखीत खोल्या देणारी अशी घरं आहेत, जी फोनवर नाव विचारतात, आडनाव ऐकतात, क्षणभर थांबतात आणि मग "खोली भरली आहे हो" म्हणतात. आम्ही हे ऐकलेलं आहे, म्हणून सांगतो. घर आपलं आहे, नियम आपले आहेत, हे आम्ही आज पुष्कळ वेळा म्हणणार आहोत. त्या म्हणण्याचा आडोसा यासाठी घेता येणार नाही. जेवणाच्या वेळेचा नियम करा, चपला काढण्याचा करा. माणसाचा करू नका.

दुसरी गोष्ट स्वयंपाक करणाऱ्या बाईची. त्या वह्यांमध्ये यजमानांच्या सात-सात पिढ्या सापडतात. दक्षिणा उपाध्यांना मिळायची, यथाशक्ती. पण पहाटे उठून, सोवळं नेसून, पाणी भरून वीस पानांचा स्वयंपाक कोण करत होतं? घरातल्या बायका. त्यांची नोंद ठेवायची पद्धत कुठल्याच वहीत नव्हती. पाहुणचार हा धर्म समजला गेला, आणि धर्माला मजुरी नसते.

इथून आम्ही आमच्या घरात येतो, कारण हीच चूक आम्ही नव्याने करून दाखवली.

पहिली दोन-अडीच वर्षं आमचा उत्साह दांडगा होता. पाहुणा म्हणेल ते. कुणी म्हणालं, मुलं भाकरी खात नाहीत, पराठे होतील का? होतील. कुणी म्हणालं, रात्री पनीर? आणू. सकाळी अकराला उठून चहा-नाश्ता? चालेल. दुपारी तीनला जेवण? काही हरकत नाही. नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा तर विचारू नका. दोन खोल्यांत मिळून नऊ माणसं आणि चार प्रकारच्या फर्माइशी.

त्याच आठवड्यात एका दुपारी साडेतीन वाजता आम्ही आत गेलो, तर आई ओट्याशी उभ्या राहून सकाळची गार भाकरी आणि लसणाची चटणी खात होत्या. पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी, सगळं बाहेर गेलं होतं. बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता, "घरगुती जेवणाची मजाच वेगळी!" आई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "घरगुती जेवण तर मी जेवतेय."

रागाने नाही म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.

त्या दिवाळीपासून आम्ही एक साधी वही घातलेली होती, वाणसामान, गॅस, धोबी, वीज, संकेतस्थळवाल्यांचं कमिशन वगैरे लिहायला. त्यात जानेवारीत एक रकाना वाढवला, स्वयंपाकघरातले तास. पंधरा दिवस प्रामाणिकपणे लिहिलं. पाहुणे असलेल्या दिवशी आईंचे साडेपाच तास, सुनेचे सात. त्या घराच्या मुलाचे, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्याचे, पाऊण तास, तेही बाजारात जाऊन येण्याचे. खर्च वजा जाता उरलेल्या पैशाला या तासांनी भागलं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंना आम्ही तासाला जे देतो, त्याहून तो आकडा कमी होता. म्हणजे आम्ही व्यवसाय करत नव्हतो. आईंची मेहनत स्वस्तात विकत होतो.

हा हिशेब मराठी माणसाला खरं तर नवा असायला नको. वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्याकडे होते, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ते दान होतं. पण मुंबईच्या गिरणगावात बायकांनी खानावळी चालवल्या, गिरणी कामगारांना महिन्याच्या पैशावर दोन वेळा जेवू घातलं, तो धंदा होता. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज यात त्या पिचून जायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळण्याची वाट झाली. त्यामागचा विचार फार साधा होता. घरच्या चुलीवर, घरातल्या बाईने केलेला स्वयंपाक हासुद्धा उद्योग आहे, आणि उद्योगाला भांडवल, हिशेब, नफा हे सगळं असतं. होमस्टे काढणाऱ्या प्रत्येकाने पर्यटनाची पुस्तकं वाचण्याआधी या खानावळींबद्दल वाचावं, असं आमचं मत आहे.

मग आम्ही काय केलं? ताट एक केलं. आमच्या घरात त्या दिवशी जे शिजेल तेच पाहुण्याचं. काही खाल्लेलं सोसत नसेल तर आधी सांगा, ते टाळू, पण वेगळा पदार्थ होणार नाही. न्याहारी साडेआठला, दुपारचं जेवण एकला, रात्रीचं आठला. दोन ते चार स्वयंपाकघर बंद, कारण आई झोपतात. सोमवारी खोल्या द्यायच्या नाहीत. आणि जेवणाच्या पैशातला ठरलेला वाटा दर महिन्याला आईंच्या बँक खात्यात, त्यांच्या एकटीच्या नावावर. पहिल्यांदा पासबुक भरून आणलं तेव्हा त्यांनी ते देवघरात ठेवलं. आता ते त्यांच्या कपाटात असतं आणि आम्हाला बघायला मिळत नाही.

त्या वर्षी नोंदणी कमी झाली, हेही सांगायला हवं. "जेवणात चॉइस नाही," असं एका पाहुण्यांनी जाहीर लिहिलं. बरोबरच होतं त्यांचं. ते वाक्य आम्ही पुसायची विनंती केली नाही. उलट त्यामुळे येणारे लोक समजून येऊ लागले.

आता तुम्ही विचाराल, एकच ताट म्हणजे पाहुण्याला रोज तेच ते? इथेच नाशिकची खरी मजा आहे. जरा सविस्तर सांगतो.

हा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जेवणात बदलत जातो, कारण पाऊस बदलतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सिन्नर-येवल्याकडे पाच-सहाशेवर समाधान मानायचं. त्यामुळे घोटी-इगतपुरीकडे भात, इंद्रायणीचा वास गिरणीच्या बाहेरच येतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे डोंगरउतारावर नागली आणि वरई. निफाड, सिन्नर, येवला इकडे बाजरी. उत्तरेला कसमादे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. तिकडे अहिराणी कानावर पडते आणि खापरावरचे मांडे ताटात पडतात. वरईची भगर करणाऱ्या गिरण्या नाशकात पुष्कळ. उपासाला भगर आणि दाण्याची आमटी खाणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीत नसतं की ती नाशिकहून आलेली असू शकते.

आमचं घर या सगळ्याच्या मध्यावर. म्हणून थंडीत बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळभाजी, ती त्या दिवशी आलेल्या पाहुण्यालाही. उन्हाळ्यात नागलीची आंबील. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण असतं, कुरडया, सांडगे, नागलीचे पापड. पाहुण्यांना पापड लाटायला बसवलं की एक तास कुणी मोबाइल बघत नाही, आणि त्यांचे पापड कुठल्या देशाच्या नकाशासारखे झालेत यावर आई निकाल देतात. वर्षाचा काळा मसालाही तेव्हाच होतो. खोबरं, कांदा, दगडफूल भाजल्याचा धूर घरभर. एका बाईंनी विचारलं, हा वास जाण्यासाठी काही फवारता येईल का? आम्ही म्हटलं, ताई, हा वास वर्षभर टिकावा म्हणून तर खटाटोप चाललाय.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पुढे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं त्या दिवशी कांद्याचा निरोप साजरा करतात. भजी, थालीपिठं, कांद्याची भाजी, सगळं एका दिवसात. आमच्याकडे चातुर्मास पाळतात फक्त आई. बाकीचे आम्ही दुसऱ्या दिवशीही भजी खातो. पाहुण्याला हे दोन्ही दिसतं आणि घर म्हणजे एकमत नसतं हेही त्याला कळतं.

पावसाळ्यात त्र्यंबककडून भाजीवाल्या मावशी येतात, तेव्हा करटुली, कुरडू, फोडशी असल्या रानभाज्या मिळतात. मिळाल्या तर मिळाल्या. श्रावणात मात्र एक सावधगिरी सांगतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला इतकी गर्दी होते, की त्या दिवशी त्र्यंबकचा बेत आखू नका, अर्थात प्रदक्षिणाच करायची असेल तर गोष्ट वेगळी.

रविवारी सकाळी आम्ही पाहुण्यांना बहुतेक वेळा घरी न्याहारी देतच नाही. नाशिककर रविवारी मिसळ खायला बाहेर पडतो. मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, पापड, दही. मळ्यांमध्ये, झाडाखाली बाजा टाकून मिसळीची ठिकाणं आहेत. आम्ही पाहुण्यांबरोबर जातो आणि आपले पैसे आपण देतो. येताना कांद्याचा चिवडा घेतात लोक. बुधवारी गोदाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो, तिथे घेऊन जातो. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, त्यामुळे "गंगेवर जाऊन येऊ" म्हटलं की उत्तरेकडचे पाहुणे चमकतात. भांडी बाजारात तांब्या-पितळेची दुकानं. आमच्याकडच्या कढया तिथल्याच, आणि कल्हई संपली की ताक नासतं, हे शिकवणीसारखं सांगून आई पाहुण्यांना कढई घ्यायला लावतात.

चिठ्ठ्या येऊ लागल्या आहेत, त्यातली एक आधीच घेतो. "द्राक्षाच्या बागेत राहायला कधी यावं?" जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात छाटणी होते आणि चार-सव्वाचार महिन्यांत माल तयार होतो. एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी. मे महिन्याच्या सुट्टीत येऊन लोक बागेत उभे राहतात आणि विचारतात, द्राक्षं कुठे आहेत? निफाडला आमच्या नात्यातलं एक बागाईतदार घर पाहुणे ठेवतं. तिथलं जेवण आमच्यापेक्षा चांगलं, हे कबूल. पण तिथे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. फवारणी चालू असताना बागेत जायचं नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पार तीन-चार अंशांवर उतरतो, तेव्हा पहाटे घरातले पुरुष बागेत शेकोट्या पेटवायला गेलेले असतात. मणी तडकू नयेत म्हणून. तेव्हा सकाळी चहा उशिरा आला तर समजून घ्यायचं. एका पाहुण्यांनी समजून घेतलं, इतकंच नाही, दुसऱ्या दिवशी तेही पहाटे बागेत गेले. परत आले ते धुराने डोळे लाल झालेले, आणि त्यांनी त्यानंतर द्राक्षाच्या भावावर घासाघीस केली नाही.

पश्चिमेकडे, त्र्यंबक-हरसूल-पेठच्या पाड्यांवरही आता घरं पाहुणे ठेवू लागली आहेत. गड चढणारी, धबधबे बघणारी तरुण मुलं जातात. तिथली नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी यांना तोड नाही. पण आम्ही तिकडच्या दोन-तीन घरांशी बोललो तेव्हा कळलं, की पाहुणे आल्या आल्या एकच विचारतात, गावठी कोंबडी आहे का? त्यामुळे पाहुण्यांपुरता चटणीचा, रानभाजीचा स्वयंपाक बंद झाला आणि कोंबडी एवढंच "आदिवासी जेवण" उरलं. रोज कोंबडी कोण खातं हो? आणि दुसरं पाणी. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या या डोंगरांत एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरणी चढतात. तिथे जाऊन शॉवर आहे का विचारू नका. एक बादली मिळेल. ती कुणीतरी वाहून आणलेली असेल.

आता उरलेल्या चिठ्ठ्या.

"पाहुण्यांनी स्वयंपाकात मदत करावी का?" विचारून करावी. मटार सोलायला, शेंगा निवडायला कुणीही चालतं. ओट्याशी येऊ का, हे मात्र घरातल्या बाईला विचारा, घरातल्या पुरुषाला नको. तो हो म्हणून टाकतो.

"परदेशी पाहुणे आले तर काय?" तिखट बेताचं ठेवा, पाणी उकळून द्या. आणि कायद्याचं एक काम विसरू नका. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. घर असलं तरी भरावा लागतो. आमच्याकडे एकदा जर्मनीहून एक जोडपं आलं होतं. त्यांना भाकरी थापण्याचं फार आश्चर्य वाटलं. त्या गृहस्थांनी तीन दिवस प्रयत्न केले. तिसऱ्या दिवशी एक फुगली.

"सिंहस्थात खोल्यांचे दर वाढवणार का?" प्रश्न थेट आहे. २०२७चा सिंहस्थ जवळ आला आहे आणि शहरात खोल्या काढण्याची लाट आली आहे. आमच्या कॉलनीतच चार घरांनी गच्चीवर पत्रे टाकले. दर थोडे वाढवू, कारण भाजी-दूधही महागणार. पण आम्ही जास्त चर्चा केली ती दुसऱ्याच गोष्टीवर. २०१५ला आमच्याकडे खोल्या द्यायची पद्धत नव्हती, तरी नातेवाईकच इतके आले, की घरातल्या बायकांनी त्या महिन्यांत पर्वणीचं एकही स्नान केलं नाही. पाच मिनिटांच्या अंतरावरून लोक गंगेवर जात होते आणि या घरात पोळ्या लाटत होत्या. यंदा आईंनी आधीच सांगून ठेवलं आहे, की एका पर्वणीला त्या स्वतः जाणार, आणि त्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक मुलगा करणार. खिचडी-कढी. त्याचा सराव सध्या चालू आहे. खिचडी जमते, कढी फाटते.

"होमस्टे सुरू करायचा आहे, भांडवल किती लागेल?" हे विचारणारे गृहस्थ पुढे बसले आहेत, म्हणून उत्तर देतो. खोली आणि न्हाणीघर नीट करायला लागेल तो खर्च गवंडी सांगेल. त्याआधी एक करा. घरी जाऊन ज्या स्वयंपाक करतात त्यांना विचारा, रोज चार पानं जास्त, वर्षभर, जमेल का, आणि त्याचे किती पैसे घेशील. त्या जो आकडा सांगतील तो जेवणाच्या दरात आधी घाला. मग उरलेला दर ठरवा. आणि त्या नाही म्हणाल्या, तर नुसती खोली द्या, जेवायला नाशकात जागा पुष्कळ आहेत.

शेवटची चिठ्ठी आहे, "सकाळी चहा किती वाजता मिळतो?" आमच्याकडे सहाला. आई उठतात तेव्हा होतो. तेव्हा उठलात तर गरम मिळेल, नाहीतर थर्मासमध्ये ठेवलेला असतो, गवती चहा घातलेला. साखर आधीच घातलेली असते, ती कमी करता येत नाही.